मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर: घर जमिनीवरून कमरेच्या उंचीवर आणा

दोन मणक्यांमधल्या सरकलेल्या गादीची (डिस्कची) शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते आणि बहुतेक रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी येतात. खरी कसोटी त्यानंतरच्या सहा आठवड्यांची असते. या काळात वाकणे, पीळ देऊन वळणे आणि वजन उचलणे या तीन गोष्टी टाळायच्या, असे डॉक्टर सांगतात. रुग्णाला ते पटलेलेही असते. अडचण अशी की आपल्या घरांतला व्यवहार जमिनीलगत चालतो. आंघोळीची बादली खाली, चपला खाली, देवघर खाली, जेवणाचे ताट खाली. त्यामुळे रुग्णाला घरी आणण्याआधीच घर बदलून घ्यावे, हे माझे पहिले आणि सर्वांत कळकळीचे सांगणे आहे.

माझे थोरले बंधू करवीर तालुक्यात शेती करतात. शस्त्रक्रियेनंतर अठराव्या दिवशी, दुखणे जवळजवळ थांबलेले असताना, ते गोठ्यात गेले आणि म्हशीचे दावे सोडायला वाकले. दावे जमिनीतल्या खुंट्याला बांधलेले होते. कमरेतून पायाच्या अंगठ्यापर्यंत चमक गेली आणि त्यांना तिथेच खांबाला धरून उभे राहावे लागले. तपासणीत गादी पुन्हा सरकलेली नाही असे निघाले, तरी पुढचे दहा दिवस त्यांना अंथरुणातून उठताना आधार लागला. दुखणे कमी झाले म्हणजे आतली जखम भरली असे नसते, हे त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना कळले.

म्हणून आधी न्हाणीघर पाहावे. बादली एका मजबूत स्टुलावर ठेवावी, म्हणजे तांब्या बुडवण्यासाठी वाकावे लागत नाही, आणि रुग्णाने प्लास्टिकच्या उंच खुर्चीवर बसून किंवा उभ्यानेच आंघोळ करावी. टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण दहा ते चौदा दिवस, जखम कोरडी राहिली पाहिजे. तोवर अंग ओल्या फडक्याने पुसून घेणे बरे. उकिडवे बसावे लागणारा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची आणावी. ती भाड्यानेही मिळते. झोपायची गादी जमिनीवर न घालता गुडघ्याएवढ्या उंचीच्या कॉटवर घालावी. रोजचे कपडे, औषधे, चार्जर आणि पाण्याची बाटली कमर ते खांदा या पट्ट्यात ठेवावी.

उठण्याची पद्धत रुग्णालयातच शिकून घ्यावी आणि घरच्या एका माणसानेही ती पाहून ठेवावी. उताणे झोपलेले असताना आधी दोन्ही गुडघे दुमडावेत. मग खांदा आणि कंबर एकाच वेळी वळवून, लाकडी ओंडका लोळावा तसे कुशीवर यावे. पाय कॉटच्या कडेवरून खाली सोडतानाच कोपर आणि तळहात गादीवर रेटून धड वर आणावे. हाताला धरून कोणी ओढू नये, कारण ओढले की पाठीला पीळ पडतो. खोकला किंवा शिंक आली तर पोटाशी उशी घट्ट धरावी.

चालणे हा यातला सर्वांत मोठा व्यायाम आहे. पहिल्या आठवड्यात घरातच पाच-पाच मिनिटे, दिवसातून पाच-सहा वेळा चालावे. मग गल्लीत, आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर रंकाळा तलावाच्या काठावर, शक्यतो गर्दी नसताना सकाळी. कोल्हापुरी चपलेचा अभिमान आपल्याला आहेच, पण तिचा चामड्याचा तळ ओल्या फरशीवर घसरतो आणि मागे पट्टा नसतो. पावसाळ्यात तर ती नकोच. नाडी न बांधावी लागणारे, टाच धरून ठेवणारे बूट घ्यावेत. दुचाकी, मागे बसूनसुद्धा, डॉक्टर सांगेपर्यंत टाळावी.

बसण्याचे पथ्य मात्र फार कमी लोक पाळतात. सुरुवातीला एका वेळी वीस-तीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नये, कारण पोक काढून बसल्यावर मणक्यांमधल्या गादीवरचा दाब वाढतो. आपल्याकडे भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते आणि रुग्ण भिडेखातर तासभर खुर्चीत बसून राहतो. पाहुण्यांसमोर झोपून बोलण्यात काहीही वावगे नाही, हे घरच्यांनीच सांगावे.

तालमीतल्या मालिशची आपल्या कोल्हापूरला सवय आहे आणि लचक भरली की वस्तादांकडे जाण्याची रीतही जुनी आहे. शस्त्रक्रिया झालेल्या पाठीला मात्र कोणीही चोळू, दाबू किंवा तुडवू नये. व्यायाम फिजिओथेरपिस्टने सांगितलेलेच करावेत. तांबड्या रश्श्याने मणक्याला काही होत नाही, पण वेदनाशामक गोळ्यांनी पोटात जळजळ होऊ शकते, त्यामुळे काही दिवस अळणीवर, म्हणजे बिनतिखटाच्या रश्श्यावर, भागवावे. काही गोळ्यांनी शौचाला खडा होतो आणि कुंथल्याने कमरेवर ताण येतो. त्यासाठी पालेभाजी, फळे आणि भरपूर पाणी घ्यावे. मणके स्क्रूने जोडले असतील तर हाड जुळायला कित्येक महिने लागतात आणि निकोटिन त्याच्या आड येते, म्हणून सिगारेट, मावा आणि मिश्री पूर्ण बंद करावी.

पायातला बधिरपणा लगेच गेला नाही म्हणून घाबरून जाऊ नये. दुखावलेली शीर, म्हणजे मज्जातंतू, पुन्हा वाढते ती रोज साधारण १ मिलिमीटर. पण ताप, जखमेतून पू किंवा पाण्यासारखा स्राव, उठल्यावर वाढणारी तीव्र डोकेदुखी किंवा पोटरीला सूज आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. लघवी अडणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे किंवा पाऊल अचानक लुळे पडणे यांपैकी काहीही झाले तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये आणि छातीत दुखू लागले किंवा धाप लागली तर थेट १०८ ला फोन करावा.

बंधूंच्या गोठ्यात आता तो खुंटा नाही. त्याच जागी कमरेएवढा खांब पुरला आहे आणि दाव्याची गाठ त्याच्या वरच्या कडीला असते. धार मात्र अजून पुतण्याच काढतो.