जुना रेंजफाइंडर हाती आला? रोल भरण्याआधी हे बघा

माळ्यावर किंवा जुन्या बाजारात याशिका इलेक्ट्रो ३५ हा फिल्मवर चालणारा रेंजफाइंडर (दुहेरी प्रतिमा जुळवून फोकस करायचा) कॅमेरा मिळाला की लगेच रोल भरू नका. रोल आणि त्याची धुलाई आता स्वस्त राहिलेली नाही.

आधी तळाचं बॅटरीचं झाकण नाण्याने उघडा. आत हिरवट क्षार साचले असतील, तर कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून पुसा. मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी मिळत नाही. अॅडॅप्टरमध्ये चार एलआर४४ (बटणासारखे छोटे) सेल घातले की काम भागतं. बॅटरीशिवायही शटर उडतं, पण दर वेळी १/५०० सेकंदावरच. त्यामुळे विकणाऱ्याने नुसतं 'खट्' करून दाखवलं म्हणजे कॅमेरा चालू, असं मानू नका.

रोल पुढे सरकवायचा लिव्हर ओढताना आतून 'ठक्' आवाज यायला हवा. नाही आला तर आतला रबराचा तुकडा झिजलाय; या मॉडेलचं हे जुनं दुखणं. इथे घरी खटपट नको, कारागीर गाठा.

मागचं दार उघडून लेन्सचं छिद्र १.७ वर (सगळ्यात मोठं), शटर 'बी'वर (बटण दाबलंय तोवर ते उघडं राहतं) दाबून धरा आणि लेन्समधून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. ठाण्याच्या पावसाळ्यात कॅमेरा लेदर केसमध्ये बंद ठेवला की तिला आयतंच घर मिळतं. दाराच्या खाचेतला काळा फोम चिकट झाला असेल तर खरवडून काढा; त्या जागी काळी लोकर बसवली तरी उजेड अडतो.

आता खरी परीक्षा. ठाण्यातल्या उपवन तलावाच्या काठावर जा, लेन्स अनंतावर फिरवा आणि येऊरच्या डोंगरावरच्या एखाद्या टॉवरकडे बघा. व्ह्यूफाइंडरमधल्या पिवळसर ठिपक्यातली दुहेरी प्रतिमा तंतोतंत एक झाली पाहिजे. ती आडवी सरकून जुळते, म्हणून फोकससाठी नेहमी उभी रेघ शोधा: कठड्याचा गज, दिव्याचा खांब. आडव्या पायरीवर कितीही डोळे ताणले तरी काही कळणार नाही. जवळचं बघायचं तर टेपने १ मीटर मोजा, पण फिल्मच्या पातळीपासून, लेन्सच्या टोकापासून नव्हे. प्रतिमा खालीवर राहिली तर पुन्हा कारागीरच.

एवढं जमलं की रोल भरा आणि त्याची एएसए (उजेड टिपण्याची क्षमता, रोलच्या डबीवर लिहिलेली) लावा. छिद्र तुम्ही ठरवायचं, वेळ कॅमेरा ठरवतो. पिवळा दिवा लागला तर शटर मंद आहे, हात टेकवा. लाल लागला तर उजेड जास्त, छिद्र बारीक करा.

आणि लेन्सचं झाकण काढा! व्ह्यूफाइंडर लेन्समधून बघत नाही, उजेड मोजणारा मीटरही नाही. झाकण तसंच राहिलं तरी दोन्ही निमूट काम करतात.