मुलीची पाळी पुढेमागे होतेय? सोनोग्राफीला पळायच्या आधी हे करा

शाळेतल्या मुलीची पाळी दोन महिने आली नाही की घरात कुणीतरी लगेच म्हणतंच, "पीसीओडी असणार, सोनोग्राफी करून टाकू." जरा थांबा. या वयात अंडाशयात बारीक बारीक फॉलिकल्स (अंडं वाढतं त्या छोट्या पिशव्या) दिसणं बऱ्याचदा नॉर्मलच असतं, म्हणून तर 2023 च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये सरळ लिहिलंय की पहिल्या पाळीनंतर 8 वर्षं होईपर्यंत पीसीओएस (म्हणजे आपण ज्याला पीसीओडी म्हणतो तोच हार्मोन्सचा बिघाड) ठरवायला सोनोग्राफी वापरू नका.

स्टेप 1: तारखा लिहा. कालनिर्णयवर खूण करा नाहीतर मोबाइलमध्ये टाका, पण मुलीने स्वतः. पाळी सुरू झाली त्या दिवसापासून पुढची सुरू होईपर्यंत मोजायचं, संपल्यापासून नाही, इथेच गडबड होते. पहिल्या पाळीनंतरचं पहिलं वर्ष पुढेमागे होतंच. नंतर तिसऱ्या वर्षापर्यंत 21 ते 45 दिवस चालतात, त्यापुढे 21 ते 35. पहिलं वर्ष सरल्यावर एकदा जरी 90 दिवसांच्या वर गेली, किंवा वयाची 15 वर्षं पूर्ण होऊनही पाळीच आली नाही, तर डॉक्टरकडे जा. आणि दर तासाला पॅड भिजत असेल तर वाट बघू नका, त्याच दिवशी जा.

स्टेप 2: मान बघा. मानेची मागची बाजू, काख, तिथली कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी झालीय का? आपल्याकडे अशा मानेवर लिंबू-बेसन घासतात, वर "नीट अंघोळ करत नाहीस" म्हणून बोलणी. अहो तो मळ नाहीये! शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही म्हणून इन्सुलिन जास्त तयार होतं, त्याने कातडी काळवंडते, आणि तेच जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) जास्त बनवायला लावतं, मग हनुवटीवर जाड केस, न हटणारे पिंपल्स, पाळी लांबणं, सगळं एकात एक गुंतलेलं. बारीक मुलींनाही हे होतं, त्यामुळे "ही कुठे जाड आहे" म्हणून सोडून देऊ नका.

स्टेप 3: डाएट नको, डबा बदला. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी डब्यात नुसता बटाटा-पोळी, क्लासवरून येताना वडापाव आणि कोल्ड्रिंक, रात्री दहाला भात, यात प्रोटीन कुठेय? सकाळी मुगाचं धिरडं किंवा अंडं, डब्यात मटकीची उसळ, मधल्या वेळी मूठभर दाणे, ताक. पोहे करा की, पण भरपूर मटार आणि दाणे घालून. भात बंद करायची गरज नाही, वरण-भाजी वाढवा म्हणजे भात आपोआप कमी होतो. गोड पेयं मात्र बंद, "फ्रेश ज्यूस" पण. उपाशी राहायला लावू नका, त्यानेही पाळी जाते.

स्टेप 4: हालचाल. रोज 60 मिनिटं, तुकड्यातुकड्यात चालेल. दोरीच्या उड्या, सायकल, कबड्डी, नाच, काहीही. आठवड्यातून तीनदा स्नायूंना जोर पडेल असं काहीतरी, कारण रक्तातली साखर स्नायूच जास्त ओढून घेतात. आणि दहावी असली तरी झोप 8 तास हवी.

स्टेप 5: डॉक्टरकडे जाताना तारखांची नोंद न्या. आईला, मावशीला डायबिटीस असेल तर सांगा. थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन), टेस्टोस्टेरॉन या टेस्ट साधारण सांगतात, शिवाय बीपी आणि शुगर, त्यात कधी ग्लुकोज पाजून 2 तासांनी रक्त घेतात. गोळ्या दिल्या तर "हार्मोनच्या आहेत, पुढे मूल होणार नाही" या धास्तीने मधेच सोडू नका, शंका असेल ती तिथेच विचारा. "लग्न झालं की होईल नीट" हा सल्ला देणाऱ्या काकूंना चहा पाजा आणि विषय बदला. आणि तपासणीत पाच मिनिटं आईने बाहेर बसावं, मुलगी एकटी असली की पिंपल्सबद्दल, केसांबद्दल, न जेवण्याबद्दल बरंच काही बोलते.