इवल्या शंखांचा शेंडा वाचवा: जीवाश्मांची माती धुण्याची रीत

नामशेष झालेल्या समुद्री गोगलगायीचा मागे उरतो तो फक्त शंख. दोन-तीन मिलिमीटरच्या शंखात जात ओळखायला सगळ्यात मोठा आधार शेंड्याचा. तिथे अळीच्या वयातला पहिलावहिला शंख असतो. सुरुवात बारीक आणि वेटोळी तीन-चार असतील, तर अळी पाण्यात तरंगत, खात वाढलेली. सुरुवात फुगीर आणि वेटोळं जेमतेम एक-दीड, तर बहुधा तसं नाही. म्हणून धुताना सगळी काळजी शेंड्याची.

कच्छमधली मायोसीन काळातली (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीची) चिकणमाती मुंबईत घरी धुवायची असेल तर एका वेळी २०० ग्रॅम पुरे. आधी ती खडखडीत वाळवा. सुकी माती पाण्यात पडताच आपोआप फुटते. दमट राहिली तर ढेकळं तशीच राहतात, मग ती बोटांनी चोळली जातात आणि शेंडे मोडतात. पावसाळ्यात पंख्याच्या वाऱ्यावर भिस्त नको. ५०-६० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवा.

मग १ लिटर गरम पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून माती रात्रभर भिजू द्या. व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल वापरू नका, शंखच विरघळेल. हायड्रोजन पेरॉक्साइडही आम्लधर्मी असतं, नाजूक नक्षी खातं.

चाळण्या दोन: वर अर्ध्या मिलिमीटरची, खाली पाव मिलिमीटरची. नळाची धार थेट सोडू नका. चाळणी बादलीतल्या पाण्यात अर्धी बुडवून हलवा. गढूळ पाणी मोरीत ओतलं तर पाइप तुंबतो. गाळ खाली बसू द्या, तो कुंडीत जातो.

याच चाळणीतून आधी अक्साच्या किनाऱ्यावरची वाळू चाळली असेल, तर आजचा शंख जीवाश्मांत मिसळेल. प्रत्येक नमुन्यानंतर चाळणी मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याच्या पाण्यात बुडवा. जाळीत अडकलेले कण निळे होतात आणि पुढच्या वेळी लगेच ओळखू येतात. ही पायरी कधीच गाळू नका.

चाळणीत उरलेले कण वाळवून काळ्या ताटलीत विरळ पसरा, २० पट भिंगाखाली ००० नंबरच्या ओल्या ब्रशने वेचा. चिमटा नकोच. डावीकडे वळलेले शंख वेगळे काढा. ट्रायफोरिडी कुळातले बहुतेक तसेच असतात.

ठेवायला प्लास्टिकच्या झाकणाच्या काचेच्या कुप्या, आत ठिकाण आणि थर लिहिलेली चिठ्ठी. जिलेटिनच्या कॅप्सूल मुंबईच्या दमट हवेत मऊ पडतात. लाकडी खण टाळा: लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शंखांवर पांढरी भुकटी धरते, आणि झिजलेली नक्षी परत येत नाही.