पीजेच्या कडेने सायकल: नकाशाआधी माती वाचा

जळगाव जिल्ह्यातली पाचोरा–जामनेर ही 2 फूट 6 इंच रुंदीची रेल्वे लाईन, म्हणजे आपली पीजे. 2020 पासून तिच्यावर गाडी धावलेली नाही. त्यामुळे ग्रॅव्हल सायकल (कच्च्या वाटांसाठीची, रुंद टायरची) घेतली की पहिला विचार येतो तो रुळांवरूनच जाण्याचा. तो सोडून द्या. गाडी बंद असली तरी जागा रेल्वेची आहे. ही लाईन ब्रॉडगेज करून बोदवडपर्यंत नेण्याचे काम मंजूर झालेले आहे, आणि परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरल्यास रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 147 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय तिथे सायकल चालतही नाही. खडीवर 42 मिमीचे टायर रुततात, स्लीपरांवर दर हाताला दणका बसतो. लहान पुलांवर स्लीपरांमध्ये मोकळ्या फटी असतात, गवतामुळे त्या दिसत नाहीत आणि पाय थेट खाली जातो. धुळे–चाळीसगाव लाईन तर चालू आहे, तिच्या भरावावर पाऊलही ठेवू नका.

सायकलसाठी पीजेचा खरा उपयोग वेगळा आहे. छोट्या इंजिनाला चढ झेपत नाही, म्हणून अशी लाईन सपाट जमीन शोधत जाते. तिच्या शेजारच्या शिवारातल्या गाडवाटाही (बैलगाडीच्या वाटा) बहुतेक सौम्य चढ-उताराच्या आहेत. पाचोरा, वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा, जामनेर ही स्टेशनांची गावे नकाशावर धरा आणि त्यांना जोडणाऱ्या गाडवाटा निवडा. पूर्ण लाईन साधारण 56 किमीची आहे. गाडवाटांनी अंतर वाढते, म्हणून पहिल्या खेपेस पाचोरा–शेंदुर्णी जाऊन परत या. परतीला वारा समोरून आला तर डांबरी रस्ता हाताशी असतो.

वाट घरबसल्या निवडताना उपग्रह नकाशा उघडा आणि रंग बघा. पिवळसर, फिकट रेघ म्हणजे मुरूम. राखाडी-काळपट रेघ म्हणजे काळी माती. खानदेशात सायकलिंगचा दिवस चांगला जाणार की वाईट, हे बहुतांशी या रंगावर ठरते. मुरमातून पाणी काही तासांत निथळते. काळ्या मातीला एका चांगल्या पावसानंतर निदान दोन कोरडे, उन्हाचे दिवस लागतात, आणि कपाशी उभी असताना सावलीतल्या वाटेला त्याहून जास्त. जागेवर शंका आली तर वाटेतले ढेकूळ उचला आणि तळहातावर वळा. पेन्सिलीएवढी वळी न तुटता झाली तर मागे फिरा. मोटरसायकलच्या टायरची नक्षी वाटेवर स्पष्ट उमटून चकाकत असेल, तर वळीही करून बघायची गरज नाही.

तरीही चिखलात शिरलात तर पायडल रेटू नका. काळी माती टायरला थर देत जाते, त्यात तुरीचे आणि कपाशीचे काड मिसळले की चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये घट्ट डाट बसतो. चाक अडते, पण जोर चालूच राहतो. तो मागच्या डिरेलरवर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) येतो आणि त्याचा हँगर, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा, वाकतो किंवा तुटतो. सायकल उचलून गवतावर न्या, काडीने माती खरवडा, चेन मोकळी करा. म्हणून टायरच्या दोन्ही बाजूंना फ्रेमपर्यंत किमान 6 मिमी जागा हवीच. आपल्या सायकलला 45 मिमीचे टायर बसते म्हणून तेच बसवावे असे नाही, पावसाळ्यानंतरच्या दोन महिन्यांत 40 मिमी जास्त सोयीचे पडते.

हवेचा आकडा: 70 किलोचा माणूस, 42 मिमीचे ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर, पुढे 30 ते 32 आणि मागे 34 ते 36 पीएसआय. ट्यूब असेल तर दोन्हीकडे 8–10 वाढवा, नाहीतर दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटली जाते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोके पडतात. वजन 10 किलोने जास्त असेल तर 2–3 पीएसआय वाढवा.

आता काटे. इकडे सायकलीचा खरा शत्रू बाभूळ आणि वेडी बाभूळ. बांधावर छाटणी झाली की काटेरी फांद्या वाटेवरच पडून राहतात. सराटे लहान असले तरी डझनाने टोचतात. ट्यूबलेसमध्ये एका चाकाला 80–90 मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घाला. एप्रिल-मेच्या उन्हात ते सहा-आठ आठवड्यांत आटते. व्हॉल्व्हचा गाभा काढून खराट्याची बारीक काडी आत घालून बघा, ओली आली नाही तर नवे भरा. बाभळीचा लांब काटा उपटला की भोक लगेच खाली येईल असे चाक फिरवा आणि थांबा. हवा थांबत नसेल तर प्लग (भोकात घुसवायची चिकट पट्टी) घाला.

ट्यूबवाल्यांनी दोन ट्यूब, पाच-सहा पॅच आणि टायर लिव्हर ठेवावेत. ट्यूब बदलली आणि पुन्हा दहा मिनिटांत पंक्चर झाले, तर आधीच्या काट्याचे टोक टायरमध्येच राहिलेले असते. ते बोटाने सापडत नाही आणि बोट फाडते. शिवारात कापूस असतोच, त्याचा बोळा टायरच्या आतून हळूहळू फिरवा. तंतू जिथे अडकतील तिथे टोक आहे, ते बाहेरच्या बाजूने ढकलून काढा. गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप प्रेस्टा व्हॉल्व्हला (अशा सायकलींचा बारीक व्हॉल्व्ह) बसत नाही, त्यासाठीचे पितळी अॅडॅप्टर खिशात ठेवा. कॉम्प्रेसरने हवा थोडी थोडी भरा, सायकलच्या टायरसाठी त्याचा जोर फार असतो.

मार्चनंतर वाट कोरडी, पण खोटी. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या कडक होऊन राहतात. त्यांच्यामधल्या उंचवट्यावरून चला, चाकोरी ओलांडायची तर जवळजवळ काटकोनात ओलांडा. काळ्या जमिनीच्या भेगांचाही हाच नियम: त्यांच्या रेषेत चाक गेले की ते पकडले जाते. फुफाट्यात हलका गिअर ठेवा, वजन मागे न्या, पुढचा ब्रेक लावू नका. वाघूर, कांग, हिवरा या नद्यांवरच्या फरशी पुलांवर शेवाळ असते. तिथे सरळ, सावकाश जा, ब्रेकही नको आणि वळणही नको. फरशीवरून पाणी वाहत असेल तर थांबा. तळ दिसत नसताना पाणी किती खोल आहे ते कळत नाही.

शिवारातल्या तारांना हात लावू नका, रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनचा प्रवाह त्यांतून जातो. ठिबकच्या नळ्या वाटेवरून गेलेल्या दिसल्या तर चाक उचलून पार करा, 16 मिमीची नळी चाकाखाली चिरली की शेतकऱ्याचे अख्ख्या ओळीचे पाणी जाते. कपाशीवर फवारणी चालू असेल तर वाऱ्याच्या वरच्या अंगाने निघा. वाट कळत नसेल तर बांधावरच्या भाऊंना “ही वाट जाते का?” असे विचारू नका, जाते हे उत्तर नक्की. “मोटरसायकल पार निघते का, आणि काल कोणी गेलं होतं का?” असे विचारा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मुख्य हंगाम, सकाळी सातला निघायचे. मार्चनंतर साडेपाचला निघून दहाच्या आत परतायचे. पाणी तासाला 700–800 मिली धरा. चार तासांना 3 लिटर, त्यात एका बाटलीत लिंबू, साखर आणि चिमटीभर मीठ. खायला केळी आणि गूळ-शेंगदाणे पुरेसे आहेत. पहूर आणि शेंदुर्णीला दुकाने आहेत, मधल्या वाटेवर त्यांचा भरवसा ठेवू नका.

घरी आल्यावर चिखल पाण्याच्या जोराने उडवू नका, बेअरिंगमध्ये माती जाते. वाळू द्या, मग ब्रशने झाडा. चेन पुसून कोरडी करा आणि प्रत्येक कडीवर एकेक थेंब तेल सोडून वरचे तेल पुसून टाका. तेलकट चेनवर फुफाटा बसला की तो तिला सहाणेसारखा झिजवत जातो.