थॉमस क्रॉमवेलचे दप्तर कसे वाचावे

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याला १० जून १५४० रोजी अटक झाली आणि त्याची कागदपत्रे राजाच्या ताब्यात गेली. ट्यूडर घराण्याच्या म्हणजे हेन्रीच्या घराण्याच्या काळातील कारभाऱ्याचा राज्यकारभार आणि घरखर्च एकत्र पाहायचा असेल, तर या जप्त दप्तराइतके चांगले साधन क्वचितच मिळेल. मात्र त्यात आवक पत्रे विपुल असून जावक पत्रांच्या नकला फार थोड्या आहेत. त्यामुळे लोकांनी काय मागितले हे सहज कळते, पण त्याने काय उत्तर दिले हे पुष्कळदा पुढील पत्रातील आभारांवरून किंवा तक्रारीवरून ताडावे लागते.

सुरुवात मूळ हस्तलिखितांपासून करू नये. ब्रूअर, गार्डनर आणि ब्रॉडी यांनी १८६२ पासून संपादित केलेले हेन्रीकालीन कागदपत्रांचे सारांशखंड ‘ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन’वर वाचता येतात. सारांशात खाडाखोड आणि समासातील भर दिसत नाही, म्हणून एखाद्या शब्दावर निष्कर्ष उभा करायचा असल्यास मूळ कागद पाहावाच.

तारखा लावताना घाई नको. तेव्हाचे इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे १० फेब्रुवारी १५३५ म्हणजे आपल्या गणनेने १५३६. राज्यवर्षाची मोजणी आपल्या राज्याभिषेक शकासारखी असली, तरी तिचा आरंभ राज्याभिषेकापासून नसून हेन्री गादीवर आला त्या २२ एप्रिल १५०९ पासून आहे. रकमा बहुधा रोमन अंकांत असतात. पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेन्स, आणि मार्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स.

यानंतर ‘सरकारी’ आणि ‘घरगुती’ असे दोन गठ्ठे करण्याचा मोह आवरावा. एक छोटा कालखंड निवडून त्यातील पत्रे, क्रॉमवेलची स्मरणटिपणे आणि त्याचा खजिनदार थॉमस एव्हरी याचा जमाखर्च शेजारीशेजारी ठेवावा. सप्टेंबर १५३८ मध्ये कँटरबरीजवळ क्रॉमवेलपुढे नाटक करणाऱ्या बेल आणि त्याच्या सोबत्यांना ४० शिलिंग दिल्याची नोंद या जमाखर्चात आहे. ही नोंद नुसती करमणुकीच्या सदरात टाकली, तर पोपविरोधी नाटके लिहिणाऱ्या जॉन बेलला मंत्र्याच्या थैलीतून मिळणारा आश्रय नजरेतून निसटतो. १५३९ च्या शरद ऋतूतील टिपणांत रेडिंगच्या मठाधिपतीला तेथे पाठवून त्याचा ‘खटला चालवावा आणि देहान्त द्यावा’ असे एकाच दमात लिहिलेले आहे. निकाल खटल्याआधीच ठरला होता, हे दाखवायला वेगळी टीप लागत नाही.

मसुदा कोणाच्या अक्षरात आहे, हेही टिपून ठेवावे. क्रॉमवेलच्या घरी वाढलेला राल्फ सॅडलर आणि त्याच्या सेवेतील थॉमस रायथस्ली हे एप्रिल १५४० मध्ये राजाचे संयुक्त सचिव झाले, म्हणजे मालकाच्या घरातील लेखणीच पुढे राज्याची लेखणी ठरली.

लंडनमधील ऑस्टिन फ्रायर्स येथील क्रॉमवेलच्या हवेलीबाबत मात्र या दप्तरावर विसंबू नये. लंडनचा इतिहास लिहिणाऱ्या जॉन स्टोने १५९८ मध्ये छापले, की तिच्या बागेसाठी स्टोच्या वडिलांचे बागेतील घर लाकडी रुळांवरून २२ फूट सरकवले गेले आणि कोणाचीही बोलण्याची छाती झाली नाही. न केलेली तक्रार आवक पत्रांत कुठून सापडणार? त्यासाठी स्टोचा वृत्तान्त आणि १५४३ मध्ये ती वास्तू विकत घेणाऱ्या ड्रेपर्स या कापड व्यापाऱ्यांच्या संघाच्या नोंदी पाहाव्यात.