वर्गात इंटरनेट आणताय? या चुका टाळा

'नेटवरून माहिती काढून आणा' हा गृहपाठ आधी बंद करा. तो मुलं करतच नाहीत, कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला करतो. सातवीच्या एका वर्गाला गोदावरीवर प्रकल्प दिला होता. वह्या माझ्यासमोर आल्या, तर निम्म्या मुलांनी सुवाच्य अक्षरात मथळा घातलेला: 'उगम [संपादन]'. मराठी विकिपीडियावर प्रत्येक मथळ्याशेजारी 'संपादन' असतं, तेही इमानेइतबारे उतरवलेलं. एकीने तर त्याखाली लाल पेनाने दुहेरी रेघ मारली होती. ब्रह्मगिरी, त्र्यंबकेश्वर, १,४६५ किलोमीटर, सगळं बरोबर. म्हणून बाईंनी पैकीच्या पैकी गुण दिलेले. वाचलं मात्र ना मुलांनी, ना बाईंनी.

मी प्रश्नच वेगळा देतो. आपल्या गावचा ओढा कुठल्या नदीला मिळतो आणि शेवटी कुठल्या समुद्रात जातो? इस्रोच्या 'भुवन' या नकाशांच्या संकेतस्थळावर किंवा गूगल अर्थवर पाण्यामागे जायचं, वाटेतली गावं लिहायची, पाहिलेलं पान आणि तारीख खाली नोंदवायची. घाटमाथ्याजवळच्या शाळेत हमखास कोणीतरी विचारतं, 'सर, अरबी समुद्र इथून जवळ, मग पाणी बंगालच्या उपसागरात का गेलं?' त्या प्रश्नावर अख्खा तास जातो. जाऊ द्या. 'पोर्शन राहील' म्हणणाऱ्यांनी खुशाल झेरॉक्सवाल्याकडे जावं.

दुसरी खोड म्हणजे तास सुरू झाल्यावर व्हिडिओ शोधणं. प्रोजेक्टरवर गोल चक्र फिरतंय, मुलं ओरडतायत आणि मग पडद्यावर रमीची जाहिरात! बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत, २०१७ पासून सरकारचं 'दीक्षा' अ‍ॅप आहे, त्यात पाठ आधी डाउनलोड करून ठेवता येतो. आदल्या रात्री घरच्या वायफायवर ते करा आणि व्हिडिओ शेवटपर्यंत बघा. हो, शेवटपर्यंत. पहिलं मिनिट बघून 'छान आहे' म्हणणारे नवशिके मला रोज भेटतात.

तेरा वर्षांखालच्या मुलांची जन्मतारीख खोटी टाकून जीमेल खाती उघडू नका. शाळेचं एकच खातं पुरतं. त्याचा पासवर्ड फळ्यावर लिहू नका.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पीडीएफ ढकलणं म्हणजे शिकवणं नव्हे.

आणि टॅब कपाटात कुलूपबंद ठेवत असाल, तर किल्ली फक्त मुख्याध्यापकांच्या खिशात नको. ते तालुक्याला मीटिंगला गेले की तास बुडतो.