भरतीच्या पुढची फौज: मराठवाड्यातल्या पोरांसाठी

आपल्याकडं फौजेची तयारी म्हणजे सोळाशे मीटर. औसा, अहमदपूर, गंगाखेड, केज, कळमनुरी, कुठल्याही गावातून पहाटे निघा, रस्त्याच्या कडेनं पोरं पळताना दिसतात. काही पोलीस भरतीची, काही फौजेची, बहुतेक दोन्हीची. मी मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी आलो, तेव्हापासून ही पोरं संध्याकाळी येऊन बसतात. छाती किती फुगली पाहिजे, उंचीत एक सेंटिमीटर कमी पडलं तर चालतं का, दात किडका असेल तर मेडिकलला काढतात का, असे त्यांचे प्रश्न. आत गेल्यावर काय होतं, हे फार थोडे विचारतात. फौजेत माणूस कशाच्या जोरावर उभा राहतो, कुणाच्या शब्दावर पुढं जातो, आणि तसा शब्द देणारा माणूस उद्या तुम्हालाही व्हायचं आहे, त्याबद्दल मला सांगायचं आहे.

आधी बाहेरचं आटपून घेतो. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड या जिल्ह्यांची भरती संभाजीनगरच्या सैन्य भरती कार्यालयाकडं; लातूर, बीड, धाराशिव पुण्याच्या कार्यालयाकडं. २०२३ पासून आधी संगणकावर लेखी परीक्षा होते, मग मैदान. लेखी आता मराठीतही देता येते, तरी गणित आणि सामान्य विज्ञान यांत आपली पोरं मागं पडतात, कारण सगळा दिवस पळण्यात जातो. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर पूर्ण ६० गुण, दहा पुल-अप काढले तर ४०. नऊ फुटांचा खड्डा ओलांडायचा आणि तोल सांभाळून नागमोडी पट्टीवरून चालायचं, या दोन्हींत फक्त पास व्हायचं असतं. एनसीसीचं प्रमाणपत्र असेल तर जादा गुण मिळतात, म्हणून कॉलेजात एनसीसी असेल तर ती सोडू नका. बाकी वय, टक्के, कागदपत्रं हे दरवर्षीच्या जाहिरातीत नीट वाचा. गावातल्या कुणाच्या तोंडी माहितीवर विसंबून राहू नका, माझ्यासुद्धा.

आता आतलं.

ट्रेनिंग सेंटरला पोचल्यावर पहिले काही आठवडे सगळ्यांना एकच गोष्ट दिसते: ओरडा. केस जातात, झोप जाते, 'दाहिने मुड' चुकलं तर सगळी प्लाटून, म्हणजे तीसेक पोरं, फ्रंट रोल मारते. शिकवणाऱ्याला आपण उस्ताद म्हणतो, आणि उस्ताद सुरुवातीला दुष्मन वाटतो. बरीच पोरं इथंच ठरवून टाकतात की फौज म्हणजे भीती. माझं स्पष्ट मत आहे, भीतीचं काम परेड ग्राऊंडपुरतं असतं. तिनं हात-पाय एका तालात येतात, वेळ पाळायची सवय लागते. एकाच्या चुकीची रगडा-पट्टी सगळ्यांना बसते, त्यामुळं माणूस शेजारच्याच्या बुटांची लेससुद्धा बघायला लागतो. एवढा फायदा आहे. पण गोळी सुटल्यावर भीतीनं हाकललेला माणूस पुढं जात नाही. तो जमिनीला चिकटतो.

चांगला उस्ताद हे जाणून असतो. आमच्या प्लाटूनमध्ये परभणीकडचा एक पोरगा होता. अंगानं दणकट, पळण्यात पुढं, पण फायरिंगला नेम लागेना. ट्रिगर ओढताना त्याचा खांदा दचकायचा. दोन उस्तादांनी त्याला भरपूर पळवलं; फरक पडला नाही. तिसरा उस्ताद त्याच्या शेजारी पोटावर आडवा झाला, रिकाम्या रायफलच्या नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवलं आणि म्हणाला, "ट्रिगर दाब, नाणं पडता कामा नये." पोरगा दाबायचा, नाणं पडायचं. उस्ताद उचलून परत ठेवायचा. जेवणाची शिट्टी झाली तरी दोघं तसेच धुळीत. मग उस्तादानं स्वतःच्या रायफलवर नाणं ठेवून दाखवलं, श्वास कुठं धरायचा, बोट किती हळू आवळायचं ते सांगितलं. पुढच्या रेंजला त्या पोराच्या गोळ्या एका जागी बसल्या. नाण्याचा सराव फौजेत जुनाच आहे, नवीन काही नाही. पण स्वतःच्या जेवणाची वेळ सोडून धुळीत पडणारा उस्ताद त्या पोरानं पाहिला, आणि नंतर त्याच उस्तादाच्या एका शब्दावर तो काहीही करायला तयार असायचा.

पलटणीची बांधणी समजून घ्या, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. दहा जणांचं सेक्शन, त्याचा कमांडर नाईक किंवा हवालदार. तीन सेक्शनची प्लाटून, तिच्यावर बहुधा नायब सुभेदार साहेब किंवा तरुण अधिकारी. तीन प्लाटूनची रायफल कंपनी, शंभराच्या वर माणसं. अशा कंपन्या मिळून सुमारे आठशे जणांची बटालियन, तिच्यावर सीओ साहेब, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, हुद्द्यानं कर्नल. सीओ साहेबांचं भाषण तुम्ही सैनिक संमेलनात ऐकाल. सेक्शन कमांडर मात्र दर तासाला तुमच्यासमोर असतो. तुमचं पाणी संपलं हे त्याला आधी कळतं, तुमच्या पायाला फोड आला हेही त्यालाच. म्हणून जवानाचं मन राखण्याचं बरंचसं काम दहा माणसांच्या त्या घोळक्यात होतं. बाहेरच्या लोकांना वाटतं की सेनापती जोशपूर्ण बोलतो आणि फौज उठते. पलटणीत राहिलेला माणूस असं म्हणणार नाही.

आमच्या कंपनीत एक लेफ्टनंट साहेब आले, केरळचे. मराठीचा एक शब्द येत नव्हता. मराठा पलटणीत अधिकारी कुठल्याही राज्यातला असो, त्याला जवानांची भाषा शिकावी लागते. हे साहेब संध्याकाळी व्हॉलीबॉल झाल्यावर पोरांत बसायचे आणि वहीत शब्द लिहून घ्यायचे. काही महिन्यांत ते प्रत्येकाला नावानं हाक मारायला लागले. पुढं एकदा आमच्यातल्या उमरग्याच्या पोराला त्यांनी गस्तीआधी विचारलं, "काय रे, गावाकडं पाऊस पडला का?" त्या वर्षी पेरणी लांबली होती, दुबार पेरणीची वेळ आली होती, आणि पोरगा आठ दिवस गप्प होता. साहेबांच्या लक्षात आलं होतं. त्या एका प्रश्नानं तो मोकळा बोलला. भाषणानं हे झालं नसतं.

जेवणाकडं लक्ष ठेवा, तिथं नेतृत्व ओळखू येतं. लंगरचं, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरातलं, जेवण वाढण्याआधी ड्यूटीवरचा अधिकारी चाखून बघतो. बडा खाना असतो तेव्हा सीओपासून शेवटच्या जवानापर्यंत सगळे एकत्र जेवतात, आणि अधिकारी स्वतः हातानं वाढतात. डोंगरावरच्या चौकीत रेशन कमी पडलं तर चांगला कमांडर शेवटी ताट घेतो, आणि कुणाला ते सांगत बसत नाही. डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकादमीचं उद्घाटन करताना १० डिसेंबर १९३२ रोजी इथल्या फौजेचे तेव्हाचे सरसेनापती चेटवुड जे बोलले, ते आजही तिथं शिकणाऱ्या प्रत्येक कॅडेटच्या डोळ्यांसमोर असतं: देशाची सुरक्षा, मान आणि हित सगळ्यात आधी, मग तुमच्या हाताखालच्या माणसांचा मान, हित आणि सोय, तुमची स्वतःची सोय आणि सुरक्षा सगळ्यात शेवटी, नेहमी आणि प्रत्येक वेळी. हे अधिकाऱ्यांसाठी सांगितलेलं असलं तरी नाईकालाही तितकंच लागू आहे. मी नाईक झालो तेव्हा रात्री दोन ते चारची पहाऱ्याची पाळी वरचेवर स्वतःकडं घ्यायचो, कारण झोपेचं सगळ्यात अवघड टोक तेच असतं. हे मला माझ्या आधीच्या सेक्शन कमांडरनं न बोलता शिकवलं.

आता आपल्या मातीतली एक गोष्ट. १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादची कारवाई सुरू झाली, आणि सोलापूरकडून निघालेली फौज नळदुर्गावर आली. आज तुळजापूर तालुक्यात आपण किल्ला आणि धबधबा बघायला जातो, तीच जागा. त्या तुकडीत २ शीख बटालियनचे हवालदार बचित्तर सिंग होते. त्यांची प्लाटून पुढं सरकत असताना समोरच्या लाईट मशीनगननं मारा सुरू केला. तीसेक यार्डांवर त्यांच्या मांडीत गोळी लागली, ते पडले. तरी सरपटत पुढं गेले आणि दोन ग्रेनेड टाकून ती मशीनगन बंद केली. मागं न्यायला आलेल्यांना नकार देऊन ते जागेवरूनच आपल्या माणसांना हिंमत देत राहिले. तिथंच त्यांना वीरमरण आलं, आणि मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. सतरा सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो, मुक्तिसंग्रामातल्या हुतात्म्यांची नावं घेतो, ती घ्यायलाच हवीत. पण मराठवाड्याच्या मुक्तीसाठी आपल्या नळदुर्गाच्या वाटेवर पंजाबच्या एका हवालदारानं जीव दिला, हे आपल्या शाळांत फारसं सांगत नाहीत. सांगायला पाहिजे. लक्षात घ्या, तो माणूस कर्नल नव्हता, मेजर नव्हता. हवालदार होता, म्हणजे तुम्ही आज ज्या शिडीवर पाय ठेवताय त्याच शिडीवरचा.

पोरं विचारतात, 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही मराठा पलटणीची घोषणा दिली की अंगात खरंच काही येतं का? येतं. मी ते अनुभवलंय. पण ती घोषणा शेवटच्या क्षणाची असते. तिच्यामागं महिनोन्महिने एकत्र खाल्लेलं अन्न, एकत्र ओढलेलं सामान, आजारी असताना एकमेकांची केलेली ड्यूटी असते. त्यात पलटणीचा इतिहासही असतो. मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जिला जंगी पलटण म्हणतात, ती १७६८ ची. प्रत्येक बटालियन आपला स्थापना दिवस आणि युद्धसन्मानाचे दिवस पाळते, नव्या जवानाला त्या लढाया सांगितल्या जातात. आपल्यामुळं पलटणीची इज्जत जाऊ नये, ही भावना तिथं तयार होते. तुमच्या वाट्याला मराठा येईल, महार येईल, तोफखाना येईल किंवा सप्लायची तुकडी येईल, ते तुमच्या हातात नाही. जी येईल तिचा इतिहास पहिल्या महिन्यात पाठ करा.

घरच्या अडचणींबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण आपल्या भागातली पोरं इथंच खचतात. मराठवाड्यातून गेलेला पोरगा एकटा जात नाही. त्याच्या डोक्यात सोसायटीचं कर्ज, बोअरचं आटलेलं पाणी, भावकीतला बांधाचा वाद, बहिणीचं लग्न हे सगळं असतं. पूर्वी पत्र यायचं, तोवर निम्मा प्रश्न सुटलेला असायचा. आता आई फोनवर रडते आणि पाच मिनिटांनी पोराला हातात रायफल घेऊन ड्यूटीवर उभं राहायचं असतं. अशा वेळी गप्प बसू नका. सेक्शन कमांडरला सांगा, तो प्लाटूनच्या साहेबांना सांगेल. याला चुगली किंवा कमजोरी म्हणत नाहीत, फौजेत याची ठरलेली वाट आहे. आमच्या एका जवानाचे आई-वडील ऊसतोडीला गेलेले असताना शेजाऱ्यानं त्यांचा बांध कोरला. कंपनी कमांडरनं सीओंमार्फत जिल्हा प्रशासनाला पत्र लिहिलं, प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला. मोजणी झाली. सगळ्याच पत्रांचं असं होतं असं म्हणणार नाही, पण आपला साहेब आपल्या बांधासाठी कागद लिहितो, हे त्या जवानानं पाहिलं. आणि तुम्ही सेक्शन कमांडर झालात की फोन ठेवल्यावर कोण जेवायला येत नाही, कोण एकटा कोपऱ्यात बसतो, ते बघणं तुमचं काम आहे. रायफल साफ आहे का बघण्याइतकंच महत्त्वाचं.

घरच्यांनाही एक सांगा: प्रत्येक भांडण त्याच दिवशी फोनवर सांगायची गरज नसते.

अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली, त्याबद्दल विचारल्याशिवाय एकही पोरगा जात नाही. चार वर्षं सेवा, पहिल्या वर्षी ३०,००० रुपये पगार आणि त्यातले २१,००० हातात, शेवटी सेवानिधीचे, म्हणजे एकरकमी मिळणारे, सुमारे ११ लाख ७१ हजार, आणि २५ टक्क्यांपर्यंत जवानांना पुढं कायम करण्याची तरतूद. पैशाचा हिशोब घरी बसून करा, तो महत्त्वाचा आहे. मला काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. चौघांतला एक राहणार हे माहीत असलं की शेजारच्या कॉटवरचा दोस्त स्पर्धक वाटू शकतो. मी सांगितलेलं सगळं ज्यावर उभं आहे, त्यालाच यामुळं धक्का बसू शकतो. हे सांभाळणं आजच्या सेक्शन कमांडरसमोरचं मोठं काम आहे, आणि तुमच्या हातातही थोडं आहे. नकाशा वाचायला येत असेल तर बडीला, म्हणजे जोडीदाराला, शिकवा. पाच किलोमीटरच्या दौडीत मागं पडणाऱ्याबरोबर पळा. वर बसलेली माणसं वर्षानुवर्षं जवान बघत आलेली असतात. कोण फक्त स्वतःपुरता चांगला आणि कोणामुळं सेक्शन चांगलं होतं, हा फरक त्यांना दिसतो. आणि चार वर्षांनी परत यावं लागलं तरी शिक्षण थांबलेलं नसावं, म्हणून बारावी राहिली असेल तर ती आणि पुढची पदवी सेवेत असतानाच पूर्ण करायला घ्या.

घरात धाकटा भाऊ आठवी-नववीला असेल तर त्याच्यासाठी आत्ताच एक काम करा. संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून आहे. दहावीनंतरच्या मुलांना तिथं अकरावी-बारावीबरोबर एनडीएची, म्हणजे अधिकारी होण्यासाठीच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची, तयारी करून घेतात, निवड लेखी परीक्षा आणि मुलाखतीनं होते. मुलींसाठी अशी संस्था आता नाशिकला सुरू झाली आहे, आणि २०२२ पासून मुलीही एनडीएत दाखल होताहेत. आपल्या तालुक्यांतून तिकडं अर्ज फार कमी जातात, कारण दहावीच्या वर्षात घरी कुणाला माहीतच नसतं. शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना विचारा, अर्जाची तारीख भिंतीवर लिहून ठेवा, आणि गणित-इंग्रजीची तयारी दिवाळीच्या आधी सुरू करा.